मराठवाड्याला समुद्रच नाही, मग समुद्रतळाच्या नुकसानीशी आपला काय संबंध?

संबंध गोदावरीतून जातो. पुरात नांदेडच्या घाटावर पाणी उतरलं की पायऱ्यांवर घोटाभर चिकट गाळ राहतो. ती आपल्याच रानातली काळी माती. पूर्वी त्यातली बरीच आंध्रच्या किनाऱ्यापर्यंत जायची. तिथल्या तळातले किडे, शिंपले, खेकडे याच चिखलात जगतात. आता जायकवाडी (१९७६) आणि पुढची धरणं गाळ अडवतात. म्हणजे आपल्या धरणाची साठवण घटते आणि तिकडे त्रिभुज प्रदेश झिजतो, दोन्हीकडून तोटा. उलट विरघळलेलं खत नि शहरांचं सांडपाणी धरणात पुरतं अडत नाही. त्यावर शेवाळ माजतं, मरून तळाशी कुजतं आणि तिथला ऑक्सिजन खातं.

निसर्गाचाही वाटा आहेच. चक्रीवादळ उथळ तळ ढवळून काढतं, मोठ्या पुराचं गोडं पाणी किनाऱ्याजवळचे शिंपले मारतं. पण असे फटके तळाला नवे नाहीत. मधे उसंत मिळाली तर तो बराचसा सावरतो.

ती उसंत ट्रॉलर देत नाहीत. जड जाळं तळावरून ओढणं म्हणजे वखराची पाळीच, फरक एवढाच की आपण पाळीनंतर पेरतो. तिथे त्याच पट्ट्यावर पुन्हा पुन्हा पाळ्या पडतात. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी असते. माशांच्या विणीला तिचा उपयोग होतो, पण सावकाश वाढणाऱ्या तळजीवांना ती, माझ्या मते, फारच तोकडी आहे.