'दबावगट' की 'हितसंबंधी गट'? आणि 'लॉबिंग'ला काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या राजकारणावर लिहिताना 'इंटरेस्ट ग्रुप'ला सरसकट 'दबावगट' म्हटले तर चालेल का? आणि 'लॉबिंग'साठी 'मोर्चेबांधणी' घ्यावा की 'दलाली'?

माझ्या मते गटाला 'हितसंबंधी गट' म्हणावे आणि 'लॉबिंग' आहे तसाच ठेवावा.

राज्यशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'हितसंबंधी गट' आणि 'दबावगट' हे दोन्ही शब्द रुळलेले आहेत. समान हित असलेले लोक संघटित झाले की हितसंबंधी गट, आणि तो सरकारवर दबाव आणू लागला की दबावगट, असा भेद बरेच जण करतात. भेद बरोबर आहे. अडचण एवढीच की 'दबाव' म्हटले की आपल्या मनात मोर्चा, घेराव, रास्ता रोको येतात. वॉशिंग्टनमधला प्रभाव बहुतेक वेळा रस्त्यावर दिसत नाही. तो समित्यांच्या कार्यालयांत, विधेयकाच्या कच्च्या मसुद्यात, एखाद्या पोटकलमाच्या शब्दांत असतो. सिनेटरच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहातल्या सदस्याच्या, हाताखालच्या माणसांना शेकडो विषय सांभाळायचे असतात. अशा वेळी आकडेवारी, तज्ज्ञांची मते आणि तयार मजकूर घेऊन जो भेटायला येतो, त्याचे ऐकले जाते.

२००३ चा मेडिकेअरचा कायदाच घ्या. मेडिकेअर ही प्रामुख्याने ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना. या कायद्याने तिच्यात औषधांच्या खर्चाची सोय आली. ज्येष्ठांची बलाढ्य संघटना 'एएआरपी' हिने पाठिंबा दिला. प्रतिनिधीगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, मतदान पहाटे तीनच्या सुमारास सुरू झाले आणि एरवी पंधरा मिनिटांत उरकणारे हे काम जवळजवळ तीन तास लांबले. शेवटी २२० विरुद्ध २१५ मतांनी विधेयक मंजूर झाले. त्यात एक कलम होते: औषध कंपन्या आणि विमा योजना चालवणाऱ्या कंपन्या यांच्यातल्या वाटाघाटींत सरकारने हस्तक्षेप करायचा नाही. म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या ग्राहकाला भाव करायलाच बंदी! औषध कंपन्यांना हवे होते ते नेमके हेच. या विधेयकाच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक, प्रतिनिधीगृहाच्या संबंधित समितीचे अध्यक्ष बिली टॉझिन, २००५ च्या सुरुवातीला औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. त्या कलमाला अपवाद करून काही औषधांचे भाव ठरवण्याचा अधिकार सरकारला मिळायला २०२२ साल उजाडले, आणि पहिल्या दहा औषधांचे नवे भाव लागू व्हायला २०२६.

या साऱ्याला नुसता 'दबाव' म्हणून भागत नाही. यात ओळखी आहेत, माहिती आहे, निवडणूक निधी आहे, मसुदा लिहिण्याचे कसब आहे. शिवाय कायदा झाल्यावरही काम संपत नाही. त्याचे नियम सरकारी खाती करतात, मसुद्यावर हरकती मागवतात, आणि तिथे सामान्य नागरिकापेक्षा कंपन्यांचे वकील कितीतरी अधिक तयारीने उतरतात. बातमी सहसा मतदानाच्या दिवशी येते, हे नियमांचे काम मात्र कोणी फारसे छापत नाही. मला ते जास्त महत्त्वाचे वाटते.

आता 'लॉबिंग'. आपल्या वर्तमानपत्रांत 'मंत्रिपदासाठी लॉबिंग सुरू' असे छापून येते. तिथे अर्थ मोर्चेबांधणी किंवा फिल्डिंग लावणे असाच असतो: स्वतःच्या पदासाठी, खासगीत, श्रेष्ठींकडे. अमेरिकेतला लॉबिस्ट दुसऱ्यासाठी काम करतो, पगार किंवा फी घेऊन, आणि धोरणाबद्दल. म्हणून 'मोर्चेबांधणी' तिथे चुकीचा अर्थ देते. 'साखर लॉबी' या प्रयोगातला 'लॉबी' मात्र मूळ अर्थाच्या बराच जवळ आहे. तो बेलाशक वापरावा.

'दलाली' तर नकोच. सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतच आहे, आणि लॉबिंगला त्याचाच आधार दिला जातो. १९९५ च्या कायद्याने लॉबिस्टला नोंदणी करावी लागते. अशील कोण, विषय कोणता, पैसे किती, याचे अहवाल आता दर तिमाहीला द्यावे लागतात आणि ते कोणालाही पाहता येतात. लाच हा वेगळा गुन्हा आहे. दोन्हींना एकच शब्द लावला, तर जे कायद्यात बसूनही लोकहिताला मारक ठरते त्याबद्दल बोलायला आपल्याकडे शब्दच उरणार नाही. पळवाटही लक्षात घ्या: एखाद्या अशिलासाठीच्या कामात लॉबिंगचा वेळ २० टक्क्यांहून कमी असेल, तर त्या माणसाला नोंदणी लागत नाही. असे लोक स्वतःला 'सल्लागार' म्हणवतात. म्हणून अनुवादात 'लॉबिस्ट' आणि 'नोंदणीकृत लॉबिस्ट' हे वेगळे ठेवावेत.

व्युत्पत्तीबद्दल एकच सांगतो. राष्ट्राध्यक्ष ग्रँट हॉटेलच्या लॉबीत बसत, तिथे कामे घेऊन येणाऱ्यांवरून हा शब्द पडला, ही गोष्ट खरी नाही. ग्रँट १८६९ मध्ये अध्यक्ष झाले आणि शब्द या अर्थाने त्याआधी कित्येक दशके चालू होता. सभागृहाबाहेरच्या ज्या दालनात सदस्यांना गाठता येई, त्यावरून तो आला.

'रिव्हॉल्व्हिंग डोअर'चे 'फिरते दार' करू नये, मराठी वाचकाला त्यातून काही कळत नाही. 'सत्तेतून लॉबिंगमध्ये आणि लॉबिंगमधून सत्तेत ये-जा' असे सरळ लिहावे. २००७ पासून माजी सिनेटरला दोन वर्षे काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) लॉबिंग करता येत नाही, प्रतिनिधीगृहाच्या माजी सदस्याला एक वर्ष. त्या मुदतीला 'प्रतीक्षाकाळ' हा शब्द चांगला बसतो.