विडंबनाची बातमी लोक राजकीय वादात पुरावा म्हणून का देतात?

कारण पुढे पाठवताना संदर्भ गळून पडतो. नागपुरात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बडग्यांची म्हणजे टीका करणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. पुढाऱ्यांवर, महागाईवर, भ्रष्टाचारावर केलेले पुतळे आणि त्यांच्या अंगावरच्या पाट्या पाहून इतवारीत कोणी म्हणत नाही की हे खरंच घडलं. मिरवणूकच अर्थ सांगते. त्याच पाटीचा फोटो कापून बाहेरगावी पाठवा, ती बातमी वाटेल.

मोठी वर्तमानपत्रंही यात फसली आहेत. 2012 मध्ये अमेरिकेतल्या ‘द ऑनियन’ या विडंबन करणाऱ्या प्रकाशनाने उत्तर कोरियाचे नेते किम जोंग-उन यांना जगातला सर्वात देखणा पुरुष ठरवलं. चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळाने ते खरं मानून 55 फोटोंसह छापलं!

दुसरं कारण जास्त खोल आहे. विरोधी नेत्याबद्दल आपल्या मनात आधीच जे असतं, नेमकं तेच वाक्य समोर आलं की तपासावंसं वाटत नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर काकाजींनी असंच एका नेत्याचं विधान टाकलं आणि दोन भावांत महिनाभर अबोला राहिला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

स्क्रीनशॉट आला की मूळ दुवा मागा. त्या साइटचं ‘आमच्याविषयी’ पान उघडा, बहुतेकदा तिथे विडंबन असल्याचं लिहिलेलं असतं.