पन्नाशीत मी वर्गमैत्रिणींपेक्षा जास्त म्हातारी दिसते. हे मनाने कसं स्वीकारू?

स्नेहसंमेलनाच्या फोटोत स्वतःला शेजारणीशी ताडून पाहणं आधी सोडा. केस कधी पिकणार हे बरंचसं आनुवंशिक असतं. मुळाशी रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी कमी झाल्या की केस पांढरा उगवतो, कुणाचा तिशीत, कुणाचा साठीत. त्यात तुमचं काहीच चुकलेलं नाही! चाळिशीचा चष्माही जवळजवळ सगळ्यांनाच लागतो, कारण डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं.

ताकदीचं मात्र वेगळं आहे. स्नायू वयानुसार झिजतात, पण व्यायामाने सत्तरीतही बळकट होतात. तेव्हा लक्ष तिकडे द्या: हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, भाजीची पिशवी घेऊन दोन जिने चढता येतात का. केस रंगवायचे की नाही, ते तुमच्या मनावर. मला पांढऱ्या केसांची जाड वेणी फार देखणी वाटते.