पहिली नोकरी : सांगावे केव्हा आणि मागावे काय?

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी दृष्टी अधू आहे. खासगी कंपनीत अर्ज करताना हे लिहावे का? मैत्रिणी म्हणतात, लिहिलेस तर बोलावणेच येणार नाही.

उत्तर : सरकारी भरतीत हा प्रश्न उरत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील ४ टक्के आरक्षणाचा लाभ हवा असेल, तर अर्जातच तशी नोंद करावी लागते. खासगी नोकरीत मात्र केव्हा सांगायचे हे तुम्ही ठरवायचे, आणि माझा सल्ला असा, की ज्या टप्प्यावर सोय लागणार आहे त्याच्या एक टप्पा आधी सांगावे. अनेक कंपन्या पहिली चाळणी ऑनलाइन चाचणीने लावतात. तिथे अक्षर मोठे करता आले नाही आणि वेळ संपून गेला, तर नंतर दिलेले स्पष्टीकरण कोणी फारसे ऐकून घेत नाही. म्हणून चाचणीची तारीख कळली, की त्याच दिवशी ईमेल पाठवा.

त्या ईमेलमध्ये आजाराविषयी कमी आणि कामाविषयी जास्त लिहा. ‘मला डोळ्यांच्या पडद्याचा विकार आहे’ एवढेच वाचून समोरचा माणूस बिचकतो. ‘मी एक्सेलमधली अक्षरे दुप्पट मोठी करून काम करते, छापील कागदाऐवजी फाइल मिळाली की मला पुरते’ असे लिहिले, तर त्याला काय करायचे ते कळते. यासाठी कंपनीला बहुधा वेगळा खर्चही येत नाही, कारण विंडोजमध्ये भिंगाची सोय मुळातच असते आणि पुढे गरज पडली, तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) मोफत मिळतो.

प्रश्न : अपघातानंतर माझ्या उजव्या हाताची बोटे नीट वळत नाहीत. प्रमाणपत्रावर ३२ टक्के लिहिले आहे. म्हणजे स्पर्धा परीक्षेत मला काहीच मिळणार नाही का?

उत्तर : आरक्षण मिळणार नाही, कारण त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. परंतु आरक्षण आणि सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यांची गल्लत अर्ज तपासणारे कर्मचारीही करतात. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले, की लिहिण्यात खरोखर अडचण असलेल्या उमेदवाराला केवळ ४० टक्के भरत नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. खटला लढवणाऱ्या विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार लिहिण्यातील अडचणीचे प्रमाणपत्र शासकीय आरोग्य संस्थेकडून विहित नमुन्यात घ्यावे लागते. ते जाहिरात येण्यापूर्वीच मिळवून ठेवा, कारण वैद्यकीय मंडळाची तारीख मिळण्यातच आठवडे जातात.

प्रश्न : मी कर्णबधिर आहे. मुलाखतीची पहिली फेरी फोनवर असते. काय करू?

उत्तर : लेखी चॅटवर किंवा सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह व्हिडिओवर मुलाखत घ्यावी, अशी लेखी विनंती करा. दोनच पर्याय द्या; पाच दिले, तर निर्णय लांबतो.

प्रश्न : मी व्हीलचेअर वापरतो. इंटर्नशिपसाठी कंपनी खरोखर सामावून घेणारी आहे की नाही, हे आधी कसे ओळखावे?

उत्तर : २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही दिव्यांगांसाठी समान संधी धोरण जाहीर करावे लागते आणि त्यात समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद असावी लागते. ते धोरण मागा. ‘पाहून सांगतो’ असे उत्तर आले आणि पुढे काहीच कळले नाही, तर त्यावरून पुरेसा अंदाज येतो. धोरणाचा कागद हाती आला, तरी जागा स्वतः पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. एका कार्यालयाने मला त्यांचा नवा उतार अभिमानाने दाखवला होता. तो संपत होता तिथेच चार इंचांची पायरी होती. उताराचे प्रमाण साधारण १:१२ हवे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. त्याहून जास्त लक्ष मात्र स्वच्छतागृहाकडे द्या : दार बाहेर उघडते का, आत खुर्ची वळते का, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते. मी अशी स्वच्छतागृहे झाडू-बादल्या ठेवण्यासाठी कुलूपबंद केलेली पाहिली आहेत.