जुने घर घेण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. उत्तर गोव्यातल्या बार्देशातले जुने घर घेऊन, ते आतून पूर्ण नवे करून विकण्याचा तुझा बेत समजला आणि तू पाठवलेला हिशेबही वाचला. त्यात फरशी, न्हाणीघर, वायरिंग आणि रंग यांचे आकडे बारकाईने मांडले आहेत. परंतु घर विकणारी माणसे किती आणि कोण, याविषयी एक ओळही नाही. गोव्यात सुरुवात तिथूनच करावी लागते.

1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची तत्त्वे आपल्याकडे अजून लागू असल्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. त्यामुळे आजोबांच्या नावावर राहिलेल्या घरात मुलगे, मुली आणि त्यांचे जोडीदार, सगळ्यांच्या सह्या लागतात, मग त्यांतला कोणी मुंबईत असो वा लिस्बनला. वारसांची वाटणी इन्व्हेंटरीतून, म्हणजे मालमत्तेची यादी करून ती वाटण्याच्या न्यायालयीन प्रक्रियेतून, रीतसर झाली आहे का, हे वकिलाकडून तपासून घे. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या कागदावर, नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. घरपट्टीची पावती तर त्याहूनही लंगडा पुरावा. उताऱ्यातला कुळाचा रकाना आणि इतर हक्कांची नोंद वाच, आणि मागच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, कोणी राहत असेल तर त्याच्याशी स्वतः जाऊन बोल. मुंडकाराला, म्हणजे मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याला, 1975 च्या कायद्याने दिलेले संरक्षण तुझ्या खरेदीखताने संपत नाही, आणि ते संपू नये असेच माझे मत आहे.

आता भिंतींविषयी. हे घर तू मार्चमध्ये पाहिलेस. ते ऐन पावसात पुन्हा पाहा. जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर तळवा टेकव. भिंत गार आणि ओली लागली, चुन्याची भुकटी बोटांना चिकटली, तर ओल जोत्यातून वर चढते आहे असे समज. चिऱ्याची भिंत पाणी शोषते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि पुट्टी चढवली की ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरतात. कंत्राटदार सिमेंटच सुचवील, कारण ते लवकर उरकते. तरीही चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोध, मग मजुरी जास्त पडली तरी चालेल. वाशांची टोके भिंतीत शिरतात तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. वाळवी बहुधा तिथेच सापडते.

मोठी खोली मिळावी म्हणून मधली भिंत पाडण्याचे तू लिहिले आहेस. कौलारू घरात आढ्याचा भार पुष्कळदा त्याच भिंतीवर असतो, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय आणि पंचायतीचा परवाना हाती आल्याशिवाय तिला हात लावू नकोस. घर किनाऱ्याजवळ किंवा खाडीकाठी असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, हद्दही आधीच पाहून घे.

छपराचे काम जूनपूर्वी संपले नाही तर ते पावसाळ्यानंतरच हाती घेता येते, आणि तेवढे महिने कर्जाचे व्याज चालूच राहते. हे महिने तुझ्या हिशेबात नाहीत. शिवाय घर 24 महिन्यांच्या आत विकलेस तर भांडवली नफा अल्पकालीन ठरतो, आणि तू हाच व्यवसाय करणार असशील तर कराचा विचार मुळातच वेगळा होतो. तो सीएकडून समजून घे.

उतारा आणि वकिलाचे टिपण हाती आले की दोन्ही मला पाठव. बाकीच्या सह्या नंतर मिळतील, असे एका वारसाने कितीही खात्रीने सांगितले तरी तोवर विसाराचा चेक फाडू नकोस.

तुझा हितचिंतक