घडाघडा वाचते, पण विचारले तर सांगता येत नाही

तिसरीतले मूल धडा न अडखळता वाचते, मात्र त्यात काय लिहिले आहे असे विचारले की गप्प बसते, ही तक्रार घेऊन पालक माझ्याकडे वारंवार येतात. खानदेशातील जिल्हा परिषद शाळेत शिकणाऱ्या अशाच एका मुलीची हकिकत, ओळख पटेल असे तपशील वगळून, येथे मांडत आहे. तिच्या आईचे निदान आधीच ठरलेले होते: मुलीचे लक्ष नसते. उपायही सुरू होता. रोज संध्याकाळी मोबाइलवर वेळ लावून त्या तिच्याकडून पाने वाचून घेत. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात, तिसरीच्या अखेरीस मुलाला मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत, असे उद्दिष्ट आहे. या घरात त्यातला आकडा तेवढा पोहोचला होता.

मी लिहिलेला एक छोटा उतारा तिला दिला. अवर्षणामुळे गावातील विहिरी आटतात आणि गुराखी आपली जनावरे दूरच्या गावी नेतो, एवढीच गोष्ट. स्वल्पविराम, पूर्णविराम यांची दखल न घेता तिने तो एका सुरात वाचून संपवला. ‘जनावरे कोणी नेली?’ याचे उत्तर तत्काळ आले, ‘का नेली?’ या प्रश्नावर मात्र तिने उताऱ्याचे पहिलेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवले.

आई म्हणाल्या, “मॅडम, पण शाळेत प्रश्नोत्तरे तर बरोबर लिहिते.” मी कागदावर एक निरर्थक वाक्य लिहिले: ‘पिंगटाने सायंकाळी मरुळ टोफले.’ मरुळ कोणी टोफले, असे विचारताच त्यांनी “पिंगटाने” असे उत्तर दिले आणि स्वतःच हसल्या. प्रश्नातील शब्द धड्यात शोधून ते वाक्य उतरवण्याची युक्ती मुले फार लवकर शिकतात, आणि कोण, कुठे, केव्हा एवढेच विचारणाऱ्या स्वाध्यायांत ती खपूनही जाते.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही: तोच उतारा आपण मुलाला वाचून दाखवायचा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडल्याप्रमाणे, वाचून समजणे हा अक्षरे उलगडता येणे आणि ऐकलेली भाषा समजणे या दोहोंचा गुणाकार असतो. एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही भक्कम असून भागत नाही. ऐकून नीट सांगणारे मूल वाचताना हरवत असेल, तर त्याचे बळ जोडाक्षरे, रफार, वेलांट्या सोडवण्यातच संपत असते. अशा मुलाला अक्षरांचा सराव आणि ओळखीच्या मजकुराचे पुनर्वाचन हवे असते. ही मुलगी ऐकूनही सांगू शकली नाही. तिची दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी मी करून घेतली. दोन्हींत दोष नव्हता.

घरी सगळे अहिराणी बोलत. तिच्या आजीला मी तीच गोष्ट अहिराणीत सांगायला लावली, तेव्हा मुलीने कारण तर सांगितलेच, शिवाय तिकडे गुरांना चाराही मिळत असेल, अशी उताऱ्यात नसलेली भर घातली. लक्ष नसलेल्या मुलीला हे सुचले नसते. ‘अवर्षण’, ‘आटणे’ या शब्दांपाशी तिची वाट बंद होत होती, आणि वेगाच्या धाकाने तिथे थांबण्याची मुभाही उरली नव्हती.

मोबाइल बंद करण्यास आई सहजी तयार झाल्या नाहीत. वेग मोजण्याचे काम वर्गशिक्षकांवर सोपवू, एवढ्यावर त्या राजी झाल्या. वाचनापूर्वी चित्रावर गप्पा आणि दोन-तीन कठीण शब्दांची ओळख, मग ‘गुराख्याने / आपली जनावरे / दूरच्या गावी नेली’ अशा तुकड्यांत वाचन, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून पुढे काय होईल याचा अंदाज, असा क्रम आम्ही ठरवला. उत्तर आधी अहिराणीत चालेल, मग त्यातले एक वाक्य पुस्तकी मराठीत करायचे. बाईंनी वर्गात रोज एक तरी ‘का’चा प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि त्याचा लाभ इतर मुलांनाही झाला.

पहिल्या काही आठवड्यांत तिचा वेग घटला आणि आई पुन्हा काळजीत पडल्या. थांबून अर्थ विचारणारे मूल काही काळ सावकाश वाचणारच, असे मी त्यांना सांगितले. पुढे वेग आपोआप सावरला. अहिराणीत उत्तर देण्याची सवय लागली तर परीक्षेत गुण जातील, ही त्यांची शंका मात्र रास्त आहे. तोंडी उत्तरे आता बरीच मोकळी झाली आहेत. लेखी उत्तरांत ती अजूनही कधी कधी धड्यातले वाक्य जसेच्या तसे उतरवते, आणि त्यावरचे आमचे काम सुरू आहे.