आजीचे माहेर कागदावर कसे सिद्ध करावे?

प्रश्न : माझ्या आजोबा-आजींच्या लग्नाचे मुंबईतील १९५८ सालचे नोंदणी प्रमाणपत्र घरच्या पेटीत सापडले. त्यावर वधूचे नाव ‘द्वारका हरी’ असे असून पुढे माहेरचे आडनाव आहे. घरात मात्र आजीला सर्व जण ‘सुमती’ म्हणूनच ओळखत. वाई तालुक्यातील त्याच आडनावाचे एक कुटुंब, द्वारका ही आपल्या पणजोबांची धाकटी मुलगी, असे सांगते. या प्रमाणपत्राच्या आधारे वंशावळीत हा दुवा पक्का धरावा काय? – एक वाचिका, सातारा

उत्तर : इतक्यात धरू नये, पण आपल्या हाती आलेला कागद फार मोलाचा आहे. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते आणि पुष्कळ घरांत तांदळात नवे नाव लिहून पहिले नावही बदलले जाते. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरील मुलगी आणि शिधापत्रिकेवरील गृहिणी या दोन निरनिराळ्या व्यक्ती वाटाव्यात, अशी स्थिती होते. माहेरचे पूर्ण नाव आणि पतीचे पूर्ण नाव शेजारी शेजारी आलेले कागद थोडे असतात व विवाहाचे प्रमाणपत्र हा त्यांतील प्रमुख होय. मात्र त्यावरून सिद्ध होते ते एवढेच की, हरी नावाच्या गृहस्थांच्या द्वारका या मुलीचा आपल्या आजोबांशी विवाह नोंदला गेला. हा हरी म्हणजे वाईकर मंडळींचाच हरी, हे त्यात कोठेही लिहिलेले नाही, आणि द्वारका म्हणजेच सुमती, हेही लिहिलेले नाही. हे दोन्ही सांधे स्वतंत्रपणे जुळवावे लागतील.

यांतील दुसरा सांधा सोपा वाटतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. आजोबांचे लग्न एकदाच झाले असेल तर द्वारका व सुमती एकच, हे उघड आहे; पण ते बिजवर असल्यास या दोन निरनिराळ्या स्त्रिया असू शकतात. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहास १९४६ च्या कायद्याने बंदी आली. त्यापूर्वीच्या पिढीत दोन पत्नी असणे कायदेशीर होते आणि विधुराचे दुसरे लग्न तर नित्याचेच. म्हणून नोंदीत वराची विवाहपूर्व स्थिती ‘अविवाहित’ आहे की ‘विधुर’, हे आधी पाहावे. प्रमाणपत्रावर तो तपशील नसेल तर मूळ अर्जात तो असण्याचा संभव आहे. किंबहुना माझा आग्रहच आहे की, प्रमाणपत्रावर न थांबता त्यामागील अर्ज किंवा ज्ञापन मिळवण्याचा प्रयत्न करावा. त्यात वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, साक्षीदार व काही वेळा लग्न लावणाऱ्या पुरोहिताचे नावही मिळते, आणि वंशावळीचे खरे धागे तेथेच असतात. साक्षीदारांत वधूच्या माहेरच्या आडनावाचा, वाई तालुक्यातील पत्ता देणारा कोणी आढळला, तर आपले निम्मे काम झाले असे समजावे. नोंदणी विवाह घरच्यांच्या मनाविरुद्ध झालेला असेल, तर मात्र साक्षीदार बहुधा मित्रमंडळीच असतात व त्यांच्यावरून नाते ठरवता येत नाही.

यासाठी प्रमाणपत्राच्या माथ्यावर कोणत्या कायद्याचा उल्लेख छापला आहे, ते पाहावे. विशेष विवाह कायदा, १९५४ असा उल्लेख असेल तर काम सुकर आहे, कारण त्याच्या कलम ४७ प्रमाणे विवाह प्रमाणपत्र पुस्तक पाहण्यास खुले असते आणि अर्ज करून शुल्क भरल्यावर त्यातील प्रमाणित उतारा मिळतो. उल्लेख मुंबई विवाह नोंदणी अधिनियम, १९५३ चा असल्यास प्रमाणपत्रावर जे नोंदवही, खंड वा अनुक्रमांकाचे आकडे असतील, ते जसेच्या तसे अर्जात द्यावेत. नुसत्या नावावरून जुनी नोंद शोधून देण्यास कोणतेही कार्यालय उत्सुक नसते.

आता हरींविषयी. मराठी नावात वडिलांचे नाव आपोआप येते ही मोठी सोय आहे, पण ती एकाच पिढीपुरती. शिवाय नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे विष्णू रामचंद्र, त्याचा मुलगा रामचंद्र विष्णू आणि त्याचा मुलगा पुन्हा विष्णू रामचंद्र अशी साखळी तयार होते व एका पिढीआड तंतोतंत तेच पूर्ण नाव येते. वाईच्या त्या घराण्यात दोन-तीन हरी निघाले तर आश्चर्य नाही. म्हणून प्रमाणपत्रावरील वधूच्या वयावरून जन्मवर्षाचा अंदाज घ्यावा आणि त्या सुमाराची नोंद मूळ गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात त्या गाव नमुना १४ मध्ये शोधावी. तेथे बारशापूर्वीच नोंद होत असल्यामुळे पुष्कळदा बाळाचे नाव नसते, केवळ ‘मुलगी’ आणि बापाचे नाव असते. याची कल्पना नसलेला माणूस ‘द्वारका’ शोधत पाने उलटतो आणि रिकाम्या हाताने परततो. त्यापेक्षा गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर अधिक बोलके असते. मात्र कोठेही वयाचा आकडा एक-दोन वर्षांच्या फरकाने जुळला तरी चालेल, असे धरावे. १ एप्रिल १९३० पासून लागू झालेल्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाला किमान वयाची अट घातल्यापासून कागदावरचे वय सोयीने वाढवले जाणे ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हती.

इतके करूनही संशय उरला, तर जमिनीच्या कागदांकडे वळावे. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. हरी यांच्या मृत्यूनंतर वारसांचा फेरफार झाला असेल. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आल्यानंतरचा तो फेरफार असेल, तर त्यात मुलींचीही नावे यावयास हवीत आणि ती बहुधा सासरच्या नावाने, ‘सुमती भ्र. अमुक’ अशा पद्धतीने येतात. त्यातील ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, अर्थात पती. त्याहून जुन्या कागदांत त्याच जागी ‘कोम’ आढळेल. आपल्या आजोबांचे नाव ‘भ्र.’ पुढे आले की द्वारका, सुमती, आजोबा आणि हरी हे चौघे एका ओळीत बसतात. बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले असेल तर उत्तमच; आपण कोणाची मुलगी आणि कोणाची बहीण, हे त्यात लिहिणारीला सविस्तर सांगावेच लागते. ते नोंदणीकृत असल्यास त्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळू शकेल.

एक बारीक गोष्ट राहिली. प्रमाणपत्रावर विवाहाची तारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन तारखा असतात. आपण लिहिलेले १९५८ साल यांपैकी कोणते, ते पत्रावरून कळत नाही. पारपत्रासाठी किंवा निवृत्तिवेतनासाठी लग्नानंतर कित्येक वर्षांनी नोंदणी करणारी जोडपी पुष्कळ असत आणि अशा नोंदीतील तपशील आठवणीने सांगितलेला असतो. लग्नाच्या महिन्यातच झालेल्या नोंदीइतके वजन तिला देऊ नये.

प्रश्न : आमच्या पणजोबांचे लग्न पोर्तुगीज अमलात गोव्यात झाले. तेथील नोंद वंशावळीसाठी उपयोगी पडेल काय? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : अवश्य, आणि पुष्कळदा आपल्याकडील नोंदीपेक्षा अधिक. गोव्यात नागरी नोंदणीची पद्धत पोर्तुगीज अमलातच रुजली व १९६१ नंतरही चालू राहिली. तेथील विवाहाच्या नोंदीत वधूवरांबरोबर दोघांच्याही आई-वडिलांची नावे लिहिण्याचा प्रघात आहे. वराच्या आईचे नाव आपल्याकडील नोंदीत क्वचितच सापडते, तेव्हा हा लाभ लहान नव्हे. ज्या तालुक्यात लग्न नोंदले गेले, तेथील नागरी नोंदणी कार्यालयात प्रथम चौकशी करावी. फार जुन्या कागदांसाठी पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे जावे लागते. नोंद पोर्तुगीज भाषेत असेल आणि नावे पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतील, ही तयारी ठेवावी. शेणवींचे ‘सिनाय’, कामतांचे ‘कामोतीं’, प्रभूंचे ‘पोरोबो’ झालेले दिसते. अनुक्रमणिकेत नाव नाही म्हणून लगेच निराश न होता, त्या वळणाने आपले आडनाव कसे लिहिले गेले असते, याचे दोन-तीन पर्याय आधीच काढून न्यावेत.

प्रश्न : जात पडताळणीच्या प्रस्तावात विवाहित मुलीचे विवाह प्रमाणपत्र कशासाठी मागतात? तिची जात त्यावरून ठरते काय? – एक पालक, लातूर

उत्तर : नाही. जात वडिलांकडील पुराव्यांवरून पाहिली जाते. विवाह प्रमाणपत्राने फक्त माहेरचे नाव आणि सध्याचे नाव एकाच व्यक्तीचे आहे, हे दाखवावयाचे असते. म्हणून शपथपत्रासोबतच्या वंशावळीत मुलीचे माहेरचे नाव लिहून त्यापुढे सासरचे नाव द्यावे आणि दोन्ही नावांची अक्षरे शाळेच्या दाखल्याशी व विवाह प्रमाणपत्राशी ताडून घ्यावीत. एका कागदावर ‘मंगल’ आणि दुसऱ्यावर ‘मंगला’ असेल, तर त्याचा खुलासा प्रस्ताव दाखल करतानाच जोडलेला बरा.